माणसाचा देव होतो का? नगर मुलखातला एक जुना वाद

कर्जत म्हटलं की मुंबईकराला लोकल आठवते. ते कर्जत रायगडातलं. अहिल्यानगर जिल्ह्यातलं कर्जत निराळं. भीमा आणि सीना या दोन नद्यांच्या मधला हा तालुका असला तरी पावसासाठी आभाळाकडे बघणारा, ज्वारीवर जगणारा आणि दुष्काळाची सवय झालेला. जुन्या नगर जिल्ह्याचं हे दक्षिणेकडचं टोक.

बहुतेक गावांचं ग्रामदैवत भैरोबा असतं, मारुती असतो, नाहीतर एखादी देवी. कर्जतचं ग्रामदैवत मात्र एक माणूस आहे: संत गोदड महाराज. आषाढ वद्य एकादशीला, म्हणजे पंढरीची वारी आटोपल्यावर पंधरवड्याने, इथे रथयात्रा भरते. त्या दिवशी पांडुरंग स्वतः आपल्या भक्ताला भेटायला कर्जतला येतो, अशी श्रद्धा आहे. जिल्ह्याला ज्यांचं नाव मिळालं त्या अहिल्याबाई होळकर शेजारच्या जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या. त्यांनाही लोक देवीच म्हणतात. कर्जत तालुक्यातल्या सिद्धटेकच्या गणपतीचं देऊळ त्यांनीच बांधलं. माणसाने देव गाठणं, किंवा देवाने माणसाकडे येणं, यात या मुलखाला कधी वावगं वाटलं नाही.

पण एकोणिसाव्या शतकात या मुलखात आणि आसपास जे ख्रिस्ती प्रचारक आले, त्यांना हे साफ नामंजूर होतं. देव निर्माता, माणूस निर्मिती. मधली दरी कुणालाही ओलांडता येत नाही, हा त्यांचा पाया. गंमत अशी की त्यांच्या मागोमाग, बायबल हातात घेऊनच, एक निराळा ख्रिस्ती पंथही पुण्यापर्यंत पोचला होता. माणूस देवासारखा होऊ शकतो, किंबहुना त्यासाठीच तो जन्माला आला, असं त्या पंथाचं म्हणणं. ते मॉर्मन. त्यांची इथली हजेरी तीनेक वर्षांची आणि जवळपास विसरली गेलेली.

दोन्ही गटांची मुळं एकाच मातीत होती. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले लोक १८१३ मध्ये मुंबईत उतरले. १८३१ च्या डिसेंबरात ॲलन ग्रेव्हज, विल्यम हर्वी आणि हॉलिस रीड यांनी अहमदनगरला ठाणं मांडलं. यांतला रीड हा अमेरिकेतल्या व्हरमॉन्ट राज्यातला. मॉर्मन पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ याचाही जन्म व्हरमॉन्टचाच, १८०५ चा. अमेरिकेच्या ईशान्य भागात त्या काळात धर्मजागृतीची लाट उसळली होती. गावोगावी सभा, प्रवचनं, पश्चात्तापाचे मेळावे. त्या लाटेतून एकीकडे परदेशी मिशन निघाली, तर दुसरीकडे नवे पंथ. ६ एप्रिल १८३० ला स्मिथने आपलं चर्च स्थापन केलं, आणि त्यानंतर पावणेदोन वर्षांत रीड नगरला पोचला. त्याने बाबाजी रघुनाथ या ब्राह्मणाचं चरित्र पुढे अमेरिकेत इंग्रजीत छापलं, तेव्हा तिकडे त्याच्याच पिढीतल्या स्मिथभोवती हजारो अनुयायी जमले होते.

स्मिथची शिकवण एका दिवसात तयार झाली नाही. १८३३ मध्ये त्याने सांगितलं की माणसातली प्रज्ञा कुणी निर्माण केलेली नाही, ती अनादी आहे. पुढे म्हटलं की देवाला माणसासारखाच हाडामांसाचा देह आहे. १८४३ मध्ये विवाहाविषयीचा आदेश नोंदवला. त्यानुसार पती-पत्नीचं नातं मंदिरातल्या विधीने मृत्यूच्या पलीकडेही टिकतं आणि अशाच जोडप्याला सर्वोच्च पद मिळतं. मग ७ एप्रिल १८४४ ला इलिनॉय राज्यातल्या नॉवू गावी किंग फॉलेट या मयत अनुयायाच्या निमित्ताने त्याने जे प्रवचन दिलं, त्यात सगळे धागे एकत्र आले. देव हा कधीकाळी माणूस होता, आणि माणसानेही पायरी-पायरीने त्या पदाला जायचं आहे. शून्यातून सृष्टी निर्माण झाली हे त्याला मान्य नव्हतं. द्रव्य आधीपासूनच आहे, देव त्याची घडी बसवतो. अडीच महिन्यांनी, २७ जूनला, कार्थेजच्या तुरुंगात जमावाने स्मिथला गोळ्या घातल्या.

माणसाच्या उगमाविषयी या पंथाचं उत्तर असं: पृथ्वीवर येण्याआधी प्रत्येक जीव आत्मरूपाने स्वर्गीय मातापित्यांच्या घरी असतो. इथला जन्म ही परीक्षा आहे. देह म्हणजे बेडी नव्हे, ती बढतीची अट आहे. आदम हे पहिलं मानवी शरीर, पण जीवाची सुरुवात मात्र त्याच्या कितीतरी आधीची.

बाकीच्या ख्रिस्ती जगाला हे पाखंड वाटलं. तसं पाहिलं तर चौथ्या शतकातल्या अथानासियसपासून ग्रीक धर्माचार्यांनी माणसाच्या देवत्वाकडे जाण्याविषयी पुष्कळ लिहिलं आहे आणि पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये तो विचार आजही जिवंत आहे. पण तिथे माणूस देवाच्या कृपेत सहभागी होतो. देव मुळात निराळाच राहतो. स्मिथने ती शेवटची भिंतही पाडली.

हा विचार मुंबईकडे वळवणारा माणूस होता लोरेन्झो स्नो. देवाचं पूर्वी माणूस असणं आणि माणसाचं पुढे देव होणं हे सूत्र १८४० मध्ये त्याला दोन यमकबद्ध ओळींत सुचलं होतं, आणि मॉर्मन घरांत त्या ओळी आजही पाठ असतात. १८५० नंतर तो इटलीतल्या प्रचाराचा प्रमुख होता. हिंदुस्थानात यायचा त्याचा बेत होता, तो तडीला गेला नाही. मात्र ब्रिटनमधून त्याने दोघांना धाडलं: विल्यम विल्स कलकत्त्याला, आणि ह्यू फिंडले नावाचा तरुण स्कॉटिश प्रचारक मुंबईला. १८५२ च्या सप्टेंबरात फिंडले मुंबईत उतरला. आदल्याच वर्षी लिव्हरपूलला 'द पर्ल ऑफ ग्रेट प्राइस' हा संग्रह छापून झाला होता. जन्मापूर्वीच्या आत्म्यांच्या सभेचं वर्णन त्यात आहे.

फिंडलेचं स्वागत झालं ते वर्तमानपत्री टीकेने. टीका हिंदूंची नव्हती, पारशांची किंवा मुसलमानांचीही नव्हती. ती होती इतर ख्रिस्त्यांची. 'बॉम्बे गार्डियन' या धार्मिक पत्राला उत्तर म्हणून फिंडलेने मुंबईच्या दफ्तर आश्कारा या छापखान्यातून पत्रक काढलं. मुंबईत त्याने हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं जमवली आणि तो पुण्याला गेला.

पुणं त्याने निवडलं ते लष्करासाठी. इंग्रजी समजणारे, घरापासून तुटलेले, धर्माबद्दल कुतूहल असलेले गोरे शिपाई तिथे होते. पण छावणी ही कंपनी सरकारची जागा. तिथे कुणी राहायचं आणि कुणी बोलायचं हे अधिकारी ठरवत. लष्करी धर्मगुरू नाराज, अधिकारी साशंक. फिंडलेला छावणीत प्रचार करायला बंदी झाली. मग त्याने मुक्काम बाहेर हलवला, देशी भाषांचा अभ्यास सुरू केला आणि १८५३ मध्ये युरोपीय, युरेशियन आणि देशी अशा जेमतेम डझनभर सभासदांची शाखा उभी केली. भाऊ ॲलन त्याच्या मदतीला आला. 'खऱ्या आणि जिवंत देवाविषयी' अशा अर्थाच्या नावाची, हिंदुस्थानातल्या मराठ्यांना उद्देशून काढलेली एक पुस्तिकाही फिंडलेच्या नावावर आहे.

तोवर एक बातमी समुद्र ओलांडून आली. १८५२ च्या ऑगस्टमध्ये सॉल्ट लेक सिटीच्या सभेत मॉर्मन नेत्यांनी बहुपत्नीत्वाची शिकवण उघडपणे जाहीर केली होती. त्याच सभेत हिंदुस्थान आणि सयामसाठी प्रचारक नेमले गेले आणि त्यांतले तेरा जण १८५३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याला पोचले. म्हणजे प्रचारक आणि बदनामी जवळजवळ एकाच वेळी बंदराला लागले. त्यानंतर मुंबई-पुण्यातल्या गोऱ्या समाजात मॉर्मन म्हणजे अनेक बायका करणारे, एवढीच ओळख उरली. शिवाय धर्म स्वीकारला की अमेरिकेत मॉर्मनांच्या यूटाला जाऊन राहायचं, हा त्या काळचा दंडक होता. पुण्याच्या शिपायाला किंवा कारकुनाला तो कसा परवडावा? १८५५ मध्ये फिंडले बंधू परत निघाले. १८५६ पर्यंत हिंदुस्थानातली ही मोहीम आटोपली.

फिंडले हरला तो कुठल्या युक्तिवादाने नव्हे. ज्यांच्याशी वाद रंगला असता, त्यांच्यापर्यंत तो पोचलाच नाही.

पोचला असता तर समोर काय आलं असतं, याचा अंदाज करायला पुण्याहून फार लांब जावं लागत नाही. चिंचवडच्या मोरया गोसावींनी तपश्चर्या केली ती मोरगावला आणि कर्जत तालुक्यातल्या सिद्धटेकला, असं परंपरा सांगते. गणपतीने त्यांना वर दिला की सात पिढ्या तुझ्या वंशात मी राहीन. तेव्हापासून चिंचवडच्या गादीवरचा पुरुष हा साक्षात गणपती मानला जाई, आणि घराण्याचं आडनावच देव झालं. पेशव्यांची त्या गादीवर श्रद्धा होती. १८०० च्या जानेवारीत एडवर्ड मूर हा कंपनीचा अधिकारी मुद्दाम चिंचवडला गेला. या वंशपरंपरागत जिवंत देवाची हकिकत त्याने कलकत्त्याच्या 'एशियाटिक रिसर्चेस'च्या सातव्या खंडात छापली, पिढ्यांच्या यादीसकट. १८०९ मध्ये मारिया ग्रॅहम ही प्रवासी बाईही येऊन गेली. युरोपीय वाचकांना ही नवलाई वाटली. पुणेकरांना ती नित्याची होती.

दुसरं उत्तर नेवाशाला मिळालं असतं. जिल्ह्याच्या उत्तरेला प्रवरेकाठी एक दगडी खांब आहे. त्याला टेकून ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, गीतेवरची टीका सांगितली अशी श्रद्धा आहे. लोक त्याला पैसाचा खांब म्हणतात. ज्ञानेश्वरांच्या अद्वैतात माणसाला देव व्हायचंच नसतं, कारण तो मुळात निराळा नव्हताच. अज्ञान गेलं की भेद गेला. मॉर्मन विचारात मात्र माणूस वाढत जातो, शिकत जातो आणि वर पोचल्यावरही आपलं नाव, आपला देह, आपली बायको-मुलं राखून असतो. एकाला मी संपवायचा आहे, दुसऱ्याला मी मोठा करायचा आहे. नेवाशाच्या कीर्तनकाराने फिंडलेला पहिला प्रश्न विचारला असता तो हाच, की एवढं सगळं बरोबर घेऊन जायचं तर मोक्ष कशापासून?

मॉर्मन शिकवणीला खरं तर सर्वांत जवळचं घर नगर जिल्ह्यात आहे ते जैनांचं. विश्व अनादी आहे, त्याला कुणी निर्माता नाही. जीव असंख्य आहेत आणि कुणी घडवलेले नाहीत. प्रत्येक जीव स्वतःच्या प्रयत्नाने परमात्मपदाला पोचू शकतो आणि सिद्ध झाल्यावरही तो वेगळाच राहतो, दुसऱ्यात विरघळत नाही. कर्जत, जामखेड, श्रीगोंद्याच्या बाजारपेठांत पिढ्यान्‌पिढ्या दुकानं चालवणाऱ्या जैन कुटुंबांना हे लहानपणापासून ठाऊक असतं. याच जिल्ह्यातल्या चिचोंडीत १९०० मध्ये जन्मलेले आचार्य आनंदऋषी स्थानकवासी श्रमण संघाचे प्रमुख झाले आणि १९९२ मध्ये त्यांनी नगरलाच देह ठेवला. फरक पडतो तो देहापाशी आणि संसारापाशी. जैन सिद्ध देह आणि कुटुंब दोन्ही सोडून वर जातो. मॉर्मन पुरुषाला सर्वोच्च पदासाठी लग्न केलेलं असावं लागतं.

फिंडले गेला तरी वाद थांबला नाही. तो फिंडलेच्या आधीपासूनचा होता: १८३१ मध्येच मुंबईत मोरभट दांडेकर यांनी पाद्री जॉन विल्सन यांच्याशी जाहीर वाद घालून 'श्री हिंदुधर्मस्थापना' हे पुस्तक लिहिलं होतं. १८५७ च्या जानेवारीत विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर उतरले. कस्टम खात्यातली नोकरी सोडून सप्तशृंगीच्या डोंगरात तप केलेला हा माणूस. वय बत्तिशीचं. आठवड्याला एकदा, संध्याकाळी, वाळूवर सभा भरायची. एका बाजूला विष्णुबुवा, दुसऱ्या बाजूला पाद्री आणि भोवती गर्दी. पाद्र्यांमध्ये मुख्य होते जॉर्ज बोवेन, अमेरिकन मिशनमधून आलेले आणि फकिरासारखे राहणारे. ज्या 'बॉम्बे गार्डियन'ने फिंडलेला झोडपलं, त्या पत्राशी बोवेन यांचं नाव कायमचं जोडलं गेलं आहे. त्यांनी या सभांचा वृत्तान्त त्याच वर्षी इंग्रजीत प्रसिद्ध केला. विष्णुबुवांच्या बाजूची मराठी हकिकत पुढे १८७२ मध्ये निघाली.

किनाऱ्यावर प्रश्न तोच होता, पक्ष बदलले होते. जीव आणि ब्रह्म एक असतील तर पाप कोण करतो, हा पाद्र्यांचा सवाल. सर्वशक्तिमान देवाने शून्यातून माणूस घडवला तर त्याच्या दोषांची जबाबदारी कुणाची, हा वेदान्त्यांचा. मॉर्मन तिथे असता तर त्याची पंचाईत झाली असती. पहिल्या प्रश्नात तो पाद्र्यांच्या बाजूला, दुसऱ्यात विष्णुबुवांच्या. मे महिन्यात उत्तरेत बंड पेटलं आणि त्या महिन्याअखेर किनाऱ्यावरच्या सभा थांबल्या.

पुढे दोन वर्षांत डार्विनचं पुस्तक आलं आणि माणसाच्या उगमाचा प्रश्न धर्मग्रंथांपुरता राहिला नाही. मॉर्मन चर्चने १९०९ च्या नोव्हेंबरात माणसाच्या उत्पत्तीवर अधिकृत निवेदन काढलं: माणूस देवाचं अपत्य आहे आणि आदम हा आपल्या सर्वांचा मूळ पुरुष आहे. १९११ मध्ये प्रोव्होच्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठात उत्क्रांती शिकवण्यावरून प्राध्यापकांना जावं लागलं. मग दोन ज्येष्ठ नेत्यांमध्येच जुंपली. बी. एच. रॉबर्ट्स म्हणत, आदमच्या आधीही पृथ्वीवर मरण होतं. जोसेफ फील्डिंग स्मिथ म्हणत, अजिबात नव्हतं. १९३१ मध्ये चर्चच्या प्रमुखांनी वाद मिटवला तो निकाल न देता. भूगर्भशास्त्र आणि जीवशास्त्र शास्त्रज्ञांवर सोडा, आपण आत्म्याचं बघू, असा त्यांचा आशय होता.

महाराष्ट्रात हेच ओझं टिळकांनी उचललं. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त त्यांनी सांख्यांची प्रकृती आणि हेकेल-डार्विनचा उत्क्रांतिवाद शेजारी-शेजारी मांडला. जडापासून क्रमाक्रमाने सृष्टी उलगडते हे त्यांना अडचणीचं वाटलं नाही, कारण सांख्यांनी तसंच काहीसं आधीच म्हटलं होतं. आदम नसल्याने वाचवायचाही नव्हता.

आणि मग नगरपासून काही किलोमीटरवर, अरणगावला, या प्रश्नाचं एक संपूर्ण नकाशावजा उत्तर तयार झालं. मेहेरबाबा, जन्म १८९४, पुण्याच्या इराणी झरतुष्ट्री घराण्यातले. गुरूंपैकी एक साकोरीचे उपासनी महाराज, म्हणजे याच जिल्ह्यातले. १० जुलै १९२५ ला त्यांनी अरणगावजवळच्या मेहेराबादला मौन धरलं, ते १९६९ मध्ये देह ठेवेपर्यंत सोडलं नाही. अनेक वर्षं ते एका फळीवरच्या अक्षरांवर बोट फिरवून बोलत. शेजारी बसलेला शिष्यमंडळीतला कुणीतरी ती अक्षरं जुळवून मोठ्याने वाचायचा, आणि बोट इतकं झपाट्याने फिरायचं की सवय नसलेल्याला काही कळू नये. याच रीतीने सांगितलेला 'गॉड स्पीक्स' हा ग्रंथ १९५५ मध्ये न्यू यॉर्कला छापला गेला. त्यात चेतना दगडापासून निघते. धातू, वनस्पती, कृमी, मासा, पक्षी, पशू अशा मुक्कामांनी माणसापर्यंत येते. तिथून ती आत वळते आणि सहा भूमिका ओलांडून सातवीला मी देव आहे या अनुभवाला पोचते. स्वतःला ते अवतार म्हणवत. दरवर्षी ३१ जानेवारीला अमरतिथीच्या दिवशी मेहेराबादच्या टेकडीवर हजारो लोक जमतात आणि त्यांत अमेरिकनही पुष्कळ असतात.

हा उलटा प्रवास लक्षात घेण्यासारखा आहे. १८३१ मध्ये अमेरिकन नगरला आले ते माणूस देव होऊ शकत नाही हे सांगायला. सव्वाशे वर्षांनी त्यांच्याच देशातले लोक नगरला येऊ लागले ते माणूस देव होतो हे ऐकायला.

मॉर्मन चर्च पुन्हा भारतात आलं ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि रुजलं ते दक्षिणेत. १९९३ मध्ये बंगळूरला त्यांचं मिशन सुरू झालं, २०१२ मध्ये हैदराबादला देशातला पहिला स्टेक, म्हणजे अनेक मंडळ्यांचा प्रादेशिक संघ, तयार झाला आणि २०१८ मध्ये बंगळूरच्या मंदिराची घोषणा झाली. २०१४ मध्ये चर्चने देवासारखं होण्याच्या शिकवणीवर एक अधिकृत निबंध प्रसिद्ध केला. मेल्यावर प्रत्येकाला स्वतःचा ग्रह मिळतो ही थट्टेतली समजूत त्यात नाकारली आहे. माणूस देवाचं अपत्य आहे आणि अपत्याने आईबापांसारखं व्हावं, हा गाभा मात्र ठेवला आहे. स्मिथच्या १८४४ च्या प्रवचनाची धार त्यात बोथट झाली, असं चर्चचे टीकाकार म्हणतात.

एक काम अजून शिल्लक आहे. फिंडलेच्या रोजनिशा त्याच्या वंशजांनी छापून ठेवल्या आहेत. १८४२ मध्ये नगरला निघालेल्या 'ज्ञानोदया'चे जुने अंक ग्रंथालयांत आहेत. बोवेन यांचा वृत्तान्त आणि विष्णुबुवांची बाजू दोन्ही छापील स्वरूपात आहेत. हे सगळे कागद एकाच टेबलावर ठेवून १८५२ ते १८५७ या पाच वर्षांचा इतिहास मराठीत लिहायला हवा. नगर-पुण्याच्या महाविद्यालयांत इतिहासाचे संशोधक विद्यार्थी विषय शोधत असतात, त्यांच्यापैकी कुणीतरी हा घ्यावा.